माँटेनेग्रो? नावही ऐकलेलं नाही, तिथे कशाला जायचं!

पत्राचा गोषवारा: ठाण्याच्या एक वाचक, वय ५९, नुकत्याच बँकेतून निवृत्त झालेल्या. यजमान ६३ वर्षांचे, एक गुडघा कुरकुरतो. दोघंही शाकाहारी, अंडंही चालत नाही. मुलगी म्युनिकला नोकरी करते. तिच्याकडे जायचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) दोघांना मिळाला आहे आणि जून ते सप्टेंबर कधीही निघता येईल. त्या मुक्कामातले आठ-नऊ दिवस तिघांनी मिळून कुठेतरी फिरायला जायचं आहे. मुलीने माँटेनेग्रो सुचवलं: समुद्र आणि डोंगर एकाच छोट्या देशात, गर्दी नाही, शिवाय स्वस्त. बाईंना ते मनापासून पटलं. यजमान म्हणतात, "एवढा खर्च करून युरोपात जायचं आणि स्वित्झर्लंड सोडून कुणी नावही न ऐकलेल्या देशात जायचं? लोकांना काय सांगणार? आणि तिथे खाणार काय?" टूर कंपनीचं स्वित्झर्लंड-पॅरिसचं बुकिंग करायला ते तयार बसलेत. बाईंचा प्रश्न: हट्ट धरावा की सोडून द्यावा?

ताई, हट्ट धरायचा की नाही ते शेवटी ठरवा. आधी तुमच्या घरातली दोन गृहीतकं तपासून घेऊ. एक तुमच्या यजमानांचं आहे, दुसरं तुमचं आणि लेकीचं. खरं सांगायचं तर दुसऱ्यानेच फजिती व्हायची शक्यता जास्त आहे.

यजमानांच्या बोलण्याचा अर्थ असा की नाव ऐकलेलं नाही, म्हणजे तिथे पाहण्यासारखं फारसं नसणार. नाव ऐकलेलं नसण्याचं कारण साधं आहे. हा देश आत्ताच्या रूपात २००६ मध्ये स्वतंत्र झाला. त्याआधी तो सर्बियाबरोबर होता, आणि त्याच्याही आधी युगोस्लाव्हियात. क्षेत्रफळ १३,८१२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहून थोडं कमीच. लोकसंख्या सव्वासहा लाखांच्या आसपास. एवढ्या जागेत युनेस्कोच्या यादीतला कोटोरचा उपसागर आहे, त्याच यादीतलं दुर्मिटोर राष्ट्रीय उद्यान आहे, १,३०० मीटर खोल तारा नदीची दरी आहे आणि बाल्कनमधलं, म्हणजे आग्नेय युरोपाच्या त्या भागातलं, सगळ्यात मोठं स्कादार सरोवर आहे. कोटोरचं पाणी तर कोकणातल्या माणसाला लगेच ओळखू येईल. पुष्कळ ठिकाणी त्याला फियोर्ड म्हटलेलं असतं, पण ते बर्फाने कोरलेलं नाही. समुद्र नदीच्या दरीत शिरून झालेली ती खाडी आहे. फरक इतकाच की आपल्या खाड्यांच्या काठाला टेकड्या असतात, तिथे पाण्यातूनच दीड-दीड हजार मीटरचे कडे सरळ उभे राहतात.

आता तुमचं गृहीतक: गर्दी नाही आणि स्वस्त. जुलै-ऑगस्टमध्ये कोटोर आणि किनाऱ्यावरचं बुद्वा शहर यांच्याबाबतीत दोन्ही गोष्टी खोट्या ठरतात. कोटोरचं जुनं शहर तटबंदीच्या आत एवढंसं, गल्ल्या दोन माणसांच्या रुंदीच्या, आणि सकाळी आठ-नऊला एकेका क्रूझ जहाजातून हजारो माणसं उतरतात. संध्याकाळी पाच-सहाला जहाजं निघाली की तेच शहर वेगळं दिसतं. कोणत्या दिवशी किती जहाजं येणार याचं वेळापत्रक कोटोर बंदर आधीच जाहीर करतं. ते पाहून जहाज नसलेला दिवस जुन्या शहरासाठी ठेवा, किंवा सकाळी साडेसातच्या आत नाहीतर संध्याकाळी सातनंतर जा. किमतीचं म्हणाल तर डोंगराकडच्या गावांत राहणं-जेवण पश्चिम युरोपाच्या मानाने खरंच स्वस्त आहे. उपसागराच्या काठी ऑगस्टमध्ये तसं नाही.

म्हणून पहिला निर्णय महिन्याचा घ्या. जूनचा मध्य किंवा सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. जूनच्या सुरुवातीला दुर्मिटोरच्या उंच खिंडींत बर्फ शिल्लक असू शकतो. जुलै-ऑगस्टमध्ये राजधानी पोडगोरित्साचं तापमान चाळिशीला टेकतं. सप्टेंबरमध्ये समुद्राचं पाणी अजून कोमट असतं, डोंगरात मात्र रात्री स्वेटर लागतो. तुमच्यासारख्या दुसऱ्या वाचकांनाही एक सांगते. दिवाळीच्या सुट्टीत माँटेनेग्रोचा बेत करू नका. तिथला पाऊस आपल्या उलटा, शरद आणि हिवाळ्यातला. उपसागराच्या मागच्या ओर्येन डोंगरावर त्स्र्कवित्से नावाचं गाव आहे. वर्षाला साधारण साडेचार हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडणारं हे ठिकाण युरोपातल्या सगळ्यात ओल्या जागांपैकी एक मानतात. आणि त्यातला मोठा वाटा आपल्याकडे फटाके वाजत असतात त्याच सुमाराला सुरू होतो.

खाण्याचा प्रश्न मात्र यजमानांनी रास्त विचारलाय. भारतीय जेवण मिळेल या भरवशावर जाऊ नका. पण उपाशीही राहणार नाही, फक्त काय मागायचं ते ठाऊक हवं. डोंगराकडे काचामाक मिळतो. मक्याचं पीठ किंवा बटाटा-पीठ शिजवून, घोटून त्यात कायमाक म्हणजे दाट मलई आणि चीज मिसळतात. दिसायला आपल्या उकडीसारखा, पण इतका जड की तिघांना दोन ताटं पुरतील. प्रिगानित्से म्हणजे मध किंवा चीजबरोबर खायची तळलेली छोटी वडी. बहुतेक ठिकाणी पिठात अंडं नसतं, तरी विचारून घ्या. शोप्स्का सॅलड, भाजलेल्या लाल मिरचीची आयवार चटणी आणि भट्टीतली प्रेब्रानात्स उसळ ही ठरलेली सोय. बेकरीतून बुरेक, म्हणजे सारण भरलेला पापुद्र्यांचा भाजलेला पदार्थ, घेताना 'सा सिरोम' म्हणजे चीजचा मागा, कारण नुसत्या बुरेकमध्ये बहुधा मांस असतं.

चुकायला होतं ते सूप आणि राजम्यात. भाज्यांचं सूप म्हणून येतं ते मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं. पासुल्य नावाच्या राजम्याच्या आमटीत तर खारवलेल्या मांसाचा तुकडा सर्रास असतो. 'बेझ मेसा', मांसाशिवाय, एवढं सांगून भागत नाही. हॅमला मांस न समजणारे वेटर आहेत. त्यापेक्षा 'पोस्नो आहे का' असं विचारा. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या उपवासाच्या पदार्थांना पोस्नो म्हणतात. त्यात मांस, दूध, अंडं काहीच नसतं. मासा मात्र असू शकतो, तेव्हा 'बेझ रिबे' हेही जोडा.

त्यातही सोपं म्हणजे स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या. तांदूळ, मसूर, राजमा, चणे, दही, भाज्या कुठल्याही दुकानात मिळतात. घरून पोहे, मेतकूट, मसाले न्या. साजूक तूप, पेढे, बर्फी मात्र बॅगेत भरू नका, लेकीसाठीसुद्धा नाही. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, आणि म्युनिकच्या कस्टमवाल्यांना ते कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पासपोर्ट काढा आणि व्हिसाच्या स्टिकरवर 'प्रवेशांची संख्या' हा रकाना बघा. तिथे ०१ आहे, ०२ आहे की 'मल्ट', म्हणजे अनेक वेळा? माँटेनेग्रो युरो वापरतं, पण ते युरोपीय संघात नाही आणि शेंगेनमध्येही नाही. वैध शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयांना ते सहसा ३० दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय येऊ देतं. खरी अडचण परतीची आहे. म्युनिकहून माँटेनेग्रोला गेलात की शेंगेनमधून बाहेर पडलात. रकान्यात ०१ असेल तर तो प्रवेश संपला, पुन्हा लेकीकडे जाता येणार नाही. शेजारच्या क्रोएशियातल्या डुब्रोवनिकला उतरून गाडीने कोटोरला जायचं ठरवलंत तरी तेच. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे ती सीमा ओलांडणं म्हणजे बाहेर पडणं आणि परत येणं. जुने प्रवासवर्णन वाचून 'डुब्रोवनिकहून एका दिवसात कोटोर' असा बेत करणारे इथेच अडकतात. उन्हाळ्यात त्या नाक्यावर तासन्‌तास रांगा असतात, वर आता शेंगेनच्या बाजूला बोटांचे ठसे आणि फोटोही घेतात.

०२ किंवा 'मल्ट' असेल तर काळजी नाही, आणि माँटेनेग्रोतले दिवस तुमच्या शेंगेनच्या दिवसांत मोजले जाणार नाहीत, हा वरचा फायदा. ०१ असेल तर दोन मार्ग आहेत. मुंबईहून इस्तंबूलमार्गे आधी माँटेनेग्रो आणि मग म्युनिक. यासाठी शेंगेन व्हिसाची मुदत तोवर सुरू झालेली हवी, आणि विमान कंपनी तुम्हाला या कागदांवर बसवून घेईल का हे तिकीट काढण्याआधी लेखी विचारा. नाहीतर या खेपेला खरंच स्वित्झर्लंड करा. व्हिसाचे नियम बदलत असतात, माँटेनेग्रो युरोपीय संघाच्या दारात उभं असल्याने तर जास्तच. म्हणून त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर बुकिंगच्या दिवशी एकदा खात्री करा.

हे जमत असेल तर पुढचं. पुणे जिल्ह्याएवढा देश म्हणून रोज एक ठिकाण उरकायचा मोह होईल. तो आवरा. अंतरं फसवी आहेत. कोटोरहून दुर्मिटोरच्या पायथ्याचं झाब्ल्याक नकाशावर वीतभर दिसतं, पण तीन-साडेतीन तास लागतात आणि सगळे वळणाचे. तुमच्या आठ-नऊ दिवसांना दोन मोठे मुक्काम आणि एक छोटा, एवढंच पुरे.

पहिला मुक्काम उपसागराच्या काठी, चार रात्री. टिव्हाटच्या विमानतळावरून कोटोर आठ-दहा किलोमीटर. राहायला जुन्या शहराच्या आत जागा घेऊ नका. आत गाडी जात नाही, दगडी फरशीवरून बॅगा ओढाव्या लागतात, जिने उभे असतात आणि रात्री उशिरापर्यंत बारचा आवाज. दोब्रोटा किंवा प्रचान्य बरं. दोन्ही पाण्याच्या कडेला, आणि दोब्रोटाहून सपाट रस्त्याने शहरात चालत जाता येतं. कोटोरच्या किल्ल्याला साधारण १,३५० पायऱ्या आहेत, त्या यजमानांच्या गुडघ्याला नकोत. २०२३ मध्ये लोव्हचेन डोंगरावर केबल कार सुरू झाली. अकरा मिनिटांत ती १,३४८ मीटरवर नेते आणि अख्खा उपसागर खाली दिसतो. तिथून पुढे नेगोशच्या समाधीला जायचं म्हटलं तर आणखी ४६१ पायऱ्या आहेत. नेगोश हा एकोणिसाव्या शतकातला त्यांचा राज्यकर्ता, धर्मगुरू आणि कवी, तिन्ही एकच. तुम्ही आणि लेक जा, यजमानांना खाली कॉफी घेऊ दे.

पेरास्त चुकवू नका. समोर पाण्यात दोन बेटं दिसतात. त्यातलं एक माणसांनी दगड टाकून टाकून तयार केलंय. १४५२ मध्ये तिथल्या खडकावर मेरीचं चित्र सापडलं अशी आख्यायिका आहे, आणि आजही दरवर्षी २२ जुलैला सूर्यास्ताच्या वेळी गावकरी होड्या एकमेकींना बांधून नेतात आणि तिथे दगड टाकतात. बेटावरच्या चर्चच्या संग्रहालयात यात्सिंता कुनिच-मियोविच या बाईचं भरतकाम आहे. खलाशी नवऱ्याची वाट पाहत तिने ते पंचवीस वर्षं केलं. सोन्या-चांदीच्या तारांबरोबर देवदूतांच्या केसांसाठी तिने स्वतःचे केस वापरले. जवळ जाऊन बघा. केसांचा रंग बदलत बदलत पांढरा होत गेलेला दिसतो. होडीवाले जाऊन-येऊन माणशी पाच युरोंच्या आसपास घेतात. चढण्याआधी परतीचं धरून आहे ना, एवढं विचारा.

किनाऱ्यांबद्दल स्पष्ट सांगते. वाळूत बसायला एवढ्या लांब जाऊ नका, गुहागर त्याहून सरस आहे. उपसागरात खडे आणि सिमेंटचे कट्टे आहेत, पाण्यात काटेरी समुद्री प्राणी असतात म्हणून रबरी चपला लागतात, आणि छत्री-खुर्चीचे पैसे पडतात.

दुसरा मुक्काम झाब्ल्याक, तीन रात्री. १,४५० मीटरवरचं हे गाव दुर्मिटोरचं दार. तिथून तीनेक किलोमीटरवर काळं सरोवर आहे. त्याच्याभोवतीची वाट साडेतीन किलोमीटरची, जंगलातून जाणारी आणि बहुतेक सपाट. गुडघ्यासह दीड तास धरा. याच मुक्कामात जुर्जेविच तारा पूल बघा, दरीपासून १७२ मीटर उंच. १९४० मध्ये बांधून झालेला हा पूल १९४२ मध्ये इटालियन फौजेला अडवायला पार्टिझानांनी, म्हणजे युगोस्लाव्ह गनिमांनी, उडवला. त्या कामात मदत करणारा याउकोविच हा मूळ बांधकामावरचाच इंजिनियर होता. त्याला पकडून ठार मारलं. युद्धानंतर पूल पुन्हा उभा राहिला. तारा नदीतलं राफ्टिंग मेमध्ये खवळलेलं असतं, सप्टेंबरमध्ये पाणी शांत आणि कमी. लेक जाऊ शकेल.

परतीसाठी पुन्हा कोटोरचा रस्ता धरू नका. पूल ओलांडून तारा नदीच्या काठाने मोय्कोव्हात्समार्गे कोलाशिनला या आणि तिथून आगगाडीने खाली उतरा. बार ते बेलग्रेड हा ४७६ किलोमीटरचा मार्ग १९७६ मध्ये सुरू झाला, त्यावर २५४ बोगदे आहेत. कोलाशिनचं स्टेशन हजार मीटरच्या वर, पोडगोरित्सा जवळजवळ समुद्रसपाटीला, आणि हा उतार गाडी तास-दीड तासात उतरते. वाटेतला माला रियेका पूल दरीपासून जवळपास २०० मीटर उंच. रत्नागिरीजवळचा कोकण रेल्वेचा पानवल पूल ६४ मीटरचा आहे, त्यावरून अंदाज घ्या. तिकीट थोडक्या युरोत, खिडकीवर रोखीने. मात्र दिवसाला गाड्या मोजक्याच आहेत, उशीर नेहमीचा, स्वच्छतागृहांकडून अपेक्षा ठेवू नका आणि प्यायचं पाणी बरोबर घ्या. विमानाच्या दिवशी या गाडीवर विसंबू नका. म्हणूनच शेवटची रात्र स्कादार सरोवराकाठच्या विरपाझारला ठेवा. तिथेही स्टेशन आहे, सकाळी होडीतून सरोवर बघता येतं, आणि पोडगोरित्साचा विमानतळ तिथून जवळ पडतो.

गाडी कोण चालवणार हे आधी ठरवा. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं, घाट अरुंद, आणि स्थानिक मंडळी वळणावरही ओव्हरटेक करतात. जर्मनीत चालवायची सवय असलेल्या लेकीने चालवावं, यजमानांनी नको. दिवसाही हेडलाइट चालू ठेवणं तिथे सक्तीचं आहे. बसने गेलात तर सामानाचे एक-दोन युरो वेगळे, नाण्यांत द्यावे लागतात.

दोन बारीक गोष्टी. मुक्कामाची नोंद पोचल्यापासून २४ तासांत व्हावी लागते. हॉटेल ती करतं, खासगी अपार्टमेंटचा मालक विसरतो. पहिल्या दिवशीच विचारा आणि पावती जपून ठेवा. लेकीचं जर्मन सिम तिथे युरोपीय दराने चालेल असं धरू नका. महागडं बिल येतं ते इथेच.

राहिलं 'लोकांना काय सांगणार'. ताई, यजमानांचं हे वाक्य हसण्यावारी नेऊ नका. त्याच्या आत बहुधा दुसरी भीती आहे: परक्या ठिकाणी काही झालं तर सांभाळणारं कोण? टूर कंपनीत बॅग उचलायला माणूस असतो, जेवायला वरण-भात असतो, आणि ६३व्या वर्षी गुडघा घेऊन फिरणाऱ्याला ते हवंसं वाटणं साहजिक आहे. त्यांना माँटेनेग्रो पटवून देत बसू नका. अपार्टमेंट तळमजल्यावर आहे, गाडी लेक चालवणार आहे आणि रात्रीचा वरण-भात घरीच होणार आहे, एवढं दाखवा. एवढ्यावरही त्यांचं मन स्वित्झर्लंडकडेच असेल तर तिथे जा आणि माँटेनेग्रो तुम्ही दोघी मायलेकी करा. पाच दिवसांत उपसागर आणि झाब्ल्याक दोन्ही होतं.

बुकिंग करण्याआधी विम्याचे कागद काढून बघा. शेंगेन व्हिसासाठी काढलेल्या बऱ्याच पॉलिसी फक्त शेंगेन देशांपुरत्या असतात. माँटेनेग्रोचं नाव त्यात नसेल तर तेवढ्या दिवसांपुरती वेगळी पॉलिसी निघण्याआधी, भारतातूनच घ्या, आणि गुडघ्याचं जुनं दुखणं अर्जात लिहा. ते लपवलं तर दावा नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं.